कोपर टेकून

लॉरी अँडरसन नावाची न्यूयॉर्कची एक कलावंत इलेक्ट्रिक टाइपरायटरवर काहीतरी लिहीत बसली होती. लिखाण मनासारखं होईना. वैतागून तिनं दोन्ही कोपरं टेबलावर टेकली आणि तळव्यांनी कान झाकून घेतले. कान झाकल्यावर यंत्राची घरघर थांबायला हवी होती, ती उलट वाढली. टाइपरायटरची गुणगुण टेबलाच्या लाकडातून कोपरात, कोपरातून हाताच्या हाडात आणि तिथून थेट कवटीत शिरत होती. त्या वैतागातून 1978 साली एक टेबल तयार झालं आणि न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये मांडलं गेलं. नाव ‘हँडफोन टेबल’. वरच्या फळीवर कोपरं बसतील असे उथळ खळगे, समोरासमोर बसणाऱ्या दोघांसाठी. टेप वाजवणारी यंत्रं टेबलाच्या पोटात दडवलेली. शेजारी उभं राहिलं तर काही ऐकू येत नाही. बसायचं, कोपरं खळग्यात टेकायची, कान झाकायचे, मग गाणं सुरू होतं.

मी ते टेबल पाहिलेलं नाही, फोटो तेवढे पाहिले आहेत. त्यातली माणसं उसाचं बिल थकलेल्या शेतकऱ्यासारखी दिसतात. डोकं हातात, नजर खाली. समोर तसंच बसलेलं दुसरं माणूस, बहुधा अनोळखी. दोघांनीही जगाला कान बंद केलेत आणि दोघंही एकाच लाकडातून ऐकताहेत. कुणी कुणाला नमस्कार केलेला नाही, गाव विचारलेलं नाही, आडनावावरून जात काढलेली नाही. आपल्याकडे दोन माणसं एका बाकावर बसली की पहिल्या पाच मिनिटांत उरकायचे हे सगळे विधी तिथे वगळलेत, तरी काहीतरी जोडलं गेलं आहे. मला त्या फोटोंचं वेड लागलं ते याच कारणानं. हवेतून येणारा आवाज सगळ्यांचा असतो, हवा असो वा नको. वस्तूतून येणारा आवाज फक्त टेकणाऱ्याचा.

आणि टेकण्याचा मला बराच सराव आहे. माझं माहेर सातारा, सासर सांगली. मधला रस्ता कराडवरून, पेठ नाक्याला डावीकडे वळून आष्ट्यामार्गे सांगलीत शिरणारा. लाल एसटीत पुढच्या बाकाच्या पाठीला आडवी लोखंडी दांडी असते. उभी माणसं ती धरतात, लहान पोरं चाटतात, दमलेली माणसं तिच्यावर कपाळ टेकतात. कपाळ टेकलं की गाडीचं सगळं पोट डोक्यात येतं. गिअर बदलताना दांडीचा सूर चढतो, ब्रेक लागला की ढासळतो, गाडी थांबून इंजिन नुसतं धडधडत राहिलं की दात वाजायला लागतात. कंडक्टर तिकिटं पंच करायच्या चिमट्यानं दांड्यांवर टकटक करत पुढे सरकायचे, तेव्हा ती टकटक हवेतून यायच्या आधी कपाळात यायची. आता त्यांच्या हातात मशीन आलं, टकटक गेली. घंटीची दोरी तेवढी अजून आहे.

एकदा कराड सोडल्यावर शेजारी एक म्हातारी बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीवर हात, आणि कपाळ त्याच दांडीवर, माझ्यापासून वीतभर अंतरावर. डोळे मिटलेले. मला वाटलं झोपली. मीही टेकले, तर इंजिनाच्या घरघरीत आणखी एक बारीक धागा ऐकू आला, चढणारा, उतरणारा, मधेच श्वासाला तुटणारा. डोकं उचललं की तो नाहीसा व्हायचा आणि नुसती गाडी उरायची. पुन्हा टेकलं की परत यायचा. म्हातारी ओठ न हलवता गुणगुणत होती. अभंग होता, ओवी होती की नुसताच कंटाळा, ते सांगता येणार नाही, कारण लोखंड शब्द आणत नाही, सूर तेवढा आणतं. कासेगावला ती उतरली. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही. तिच्या डोक्यातलं गाणं माझ्या डोक्यात येऊन गेलं होतं आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. ‘हँडफोन टेबल’बद्दल मी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी वाचलं. न्यूयॉर्कच्या संग्रहालयातली ती वस्तू मला परकी वाटली नाही याचं श्रेय राज्य परिवहन महामंडळाला आहे.

यात चमत्कार काही नाही. हवेत आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. लाकडात, रेषांच्या दिशेनं, त्याच्या दहापटीच्या आसपास. लोखंडात पाच हजार मीटरवर. रुळाला कान लावून गाडी येतेय का ते बघणाऱ्या पोरांना हा हिशोब न शिकता येतो. ऐकण्याचं खरं काम करणारा शंखाच्या आकाराचा अवयव कानाच्या आत, हाडात बसवलेला आहे. त्याच्यापर्यंत कंप पोचला की झालं, तो पडद्यावरून आला की कवटीवरून, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आपला स्वतःचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये ऐकला की परका, पातळ वाटतो तो यामुळेच. एरवी तो आपल्याला हाडांतूनही ऐकू येत असतो आणि तो जाड, खालचा भाग रेकॉर्डिंगमध्ये गळून पडलेला असतो.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत ही विद्या कुणी पुस्तकात वाचलेली नाही, हातात मात्र आहे. सांगलीहून मिरज ती किती लांब! पण सांगलीकर मिरजेला जातो तो दवाखान्यात किंवा स्टेशनवर, वाद्यांच्या दुकानांसमोरून रिक्षा जाते तेवढंच. मी आत शिरले ती एका नातेवाइकाच्या मुलीसाठी तंबोरा बघायला, आणि मग शिरतच राहिले. इथल्या कारागिरांचे पूर्वज शिकलगार, हत्यारांना धार लावणारे, पॉलिश करणारे. एकोणिसाव्या शतकात तलवारींचे दिवस सरले तेव्हा त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी वाद्यदुरुस्तीत हात घातला आणि गावाला नवा धंदा मिळाला. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमेच्या काठचे. खाण्याचे नव्हेत, कडू, जाड सालीचे. महिनोन्‌महिने वाळवलेले ते भोपळे माळ्यावर टांगलेले असतात आणि कारागीर त्यांना टिचकी मारून निवडतो. तबलीला, दांडीला तुणीचं लाकूड. भोपळा आणि दांडी जिथे जुळतात तो गुलू. आणि मग सगळ्यात अवघड काम, जवारी.

जवारीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. तंबोऱ्याची तार घोडीच्या टोकावर एका बिंदूवर टेकत नाही. घोडीचा माथा किंचित उताराचा असतो आणि कंप पावणारी तार त्या उताराला हलकेच घासत, चाटत राहते. मग एका स्वराच्या पोटातले वरचे स्वर एकामागून एक उमलतात. खर्जाची तार छेडली आणि तंबोरा नीट लागलेला असला तर कुणी न वाजवलेला गंधार ऐकू येतो. हा उतार कानशीनं घासून काढायचा, केसाच्या अंतरानं. मग तारेखाली सुताचा धागा सरकवत ती जागा शोधायची. एका कारागिराला हे काम करताना मी पाहिलं तेव्हा त्यानं गाल दांडीला लावला होता. समोर ट्रक हॉर्न मारत होता, शेजारच्या दुकानात बातम्या चालू होत्या, पंखा खडखडत होता. त्याला काही फरक पडत नव्हता. तो लाकडातून ऐकत होता. मैफलीत गवयाच्या मागे बसणारी मुलं दांडीला कान टेकवून बसतात, त्यातल्या काहींना झोप लागलीय असा श्रोत्यांचा गैरसमज होतो.

त्या दुकानात भिंतीला वाद्यं टांगलेली होती, तारा चढवलेली. मला खोकला आला. खोकल्यानंतर भिंत बोलली. अगदी हलकं, एखाद्या सभेत मागच्या रांगेत कुजबूज व्हावी तसं नाही, त्याहून सुरेल. माझ्या खोकल्यात जे जे स्वर होते ते ते आपापल्या तारांनी उचलले आणि परत केले. बाहेरून मोटारसायकल गेली, पुन्हा भिंतीनं उत्तर दिलं. माणसानं हालचाल केली, आवाज केला की वस्तू प्रतिसाद देते अशा कलाकृती आता जगभर दालनांत मांडल्या जातात, त्यासाठी सेन्सर, संगणक, स्पीकर जोडतात. इथे विजेचा संबंध नाही. कारागिरानं तर मान वर करून पाहिलंही नाही, तो दिवसभर हेच ऐकत असतो.

या भागात आवाजासाठी अनोळखी माणसं एकत्र आल्याची एक जुनी गोष्ट आहे, तीही एका लाकडी पेटीभोवतीची. कृष्णाजी बल्लाळ देवल हे सांगलीचे, निवृत्त डेप्युटी कलेक्टर. अर्नेस्ट क्लेमेंट्स हे आयसीएस, साताऱ्याला जिल्हा न्यायाधीश. आणि अब्दुल करीम खाँ हे किराणा घराण्याचे, पुढे मिरजेत स्थिरावलेले गवई. कलेक्टर कचेरी, कोर्ट आणि गाणं, तिघांच्या वाटा एरवी कुठे मिळाल्या असत्या? देवलांना सप्तकातल्या बावीस श्रुती, स्वरांमधली बारीक अंतरं, मोजायच्या होत्या. खाँसाहेबांनी स्वर लावायचा आणि देवलांनी लाकडी पेटीवर ताणलेल्या तारेची लांबी मोजून त्याचं प्रमाण काढायचं, असा तो उद्योग. 1910 मध्ये देवलांचं बावीस श्रुतींवरचं इंग्रजी पुस्तक निघालं, 1913 मध्ये क्लेमेंट्सचं. मधल्या काळात दोघांनी लंडनच्या कारखान्यातून श्रुतींची हार्मोनियम बनवून घेतली.

पुढे तिच्यावरून वाद झाले, 1916 च्या बडोद्याच्या संगीत परिषदेतही झाले, संगीतशास्त्रकार भातखंड्यांना ती पटली नाही, आणि पेटी मागे पडली. 1940 साली तर रेडिओनं साध्या हार्मोनियमलाही दार बंद केलं. कुणाचं बरोबर होतं ते ठरवायला मी बसलेली नाही. माझं मन रेंगाळतं ते मोजणीच्या त्या बैठकीपाशी. मध्ये एक खोकं, त्यावर तार. एक गातोय, दुसरा वाकून तारेखालची घोडी तसूभर सरकवतोय, दोन आवाज एक झाले की थांबतोय. खोक्याला हात लावलेला असला तर ते एक होणं बोटांनाही कळतं. दोन जवळजवळ सारखे सूर एकत्र वाजले की लहरी उठतात, ऊं-ऊं-ऊं अशा, आणि सूर जुळत गेले की त्या लांबत लांबत नाहीशा होतात. भाषा, हुद्दा, धर्म सगळं वेगळं असलेल्या माणसांना एकाच क्षणी ‘हां’ म्हणायला लावणारं दुसरं काही त्या काळच्या साताऱ्या-सांगलीत असेल असं मला वाटत नाही.

खाँसाहेब गेले तेही अनोळखी माणसांत. ऑक्टोबर 1937. मद्रासहून पाँडिचेरीला जाताना गाडीत त्यांना अस्वस्थ वाटू लागलं, म्हणून सिंगापेरुमलकोइल नावाच्या लहान स्टेशनवर ते उतरले. फलाटावर अंथरूण घातलं, तंबोरा लावायला सांगितला, प्रार्थना म्हटली आणि तिथेच गेले. त्यांना मिरजेला आणलं, ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि दर वर्षी उरुसात त्यांच्या स्मृतीसाठी गवई येऊन गातात. तिथे बसायला खुर्ची मिळते, पण मी जमिनीवर बसते. तबल्याचा डग्गा जाजमाखालून मांडीत येतो. माझ्या अलीकडे पलीकडे बसलेल्यांच्याही मांडीत तोच येत असणार. समेवर सगळ्यांची मान एकदम हलते याचं कारण आम्ही सगळे जाणकार आहोत हे नव्हे, निम्म्या वेळा ते जमिनीचं काम असतं.

परदेशात अनोळखी माणसांना फर्निचरमधून एकत्र आणायचे पुष्कळ प्रयोग झाले आहेत. सगळेच मला आवडतात असं नाही. कॅनडातल्या माँट्रियल शहरात 2011 साली भर रस्त्याकाठी एकवीस झोपाळे टांगले. झोका घेतला की सूर वाजतो, प्रत्येकाचा वेगळा, पियानोचा, गिटारचा, हार्पचा. शेजारपाजारच्यांनी एका लयीत झोके घेतले तर एकट्याला कधीच न मिळणारी धून उमटते. प्राण्यांमधल्या सहकार्याचा अभ्यास करणारा एक प्राध्यापक त्यांनी सल्ल्याला घेतला होता. लोकांना ते फार आवडलं, रांगा लागल्या, दर वर्षी ते झोपाळे परत यायला लागले. कल्पना गोड आहे, पण मला तिच्यात थोडा शाळेचा वास येतो. नीट वागलात, एकमेकांना सांभाळून घेतलंत, तर बक्षीस म्हणून धून.

साताऱ्याच्या आमच्या घरातल्या झोपाळ्यानं असं कुणाला बक्षीस दिलं नाही. लोखंडी कड्या, शिसवी पाट, आणि प्रत्येक झोक्याला कुरकुर. ती कुरकुर बसणाऱ्याच्या वजनावर आणि पायाच्या रेट्यावर ठरायची. आजोबांची लांब आणि एका बाजूनं तुटकी, कारण त्यांचा डावा पाय अधू. काकूंची भरभर. पोरांची नुसती किंचाळी. आई स्वयंपाकघरातून न बघता सांगायची, चहा किती टाकायचा ते. एखादी अनोळखी कुरकुर आली की म्हणायची, पाहुणं आलंय वाटतं. एका दिवाळीत वडिलांनी कड्यांना तेल घातलं. झोपाळा मुका झाला आणि आई बाहेरच्या खोलीत कोण आहे ते बघायला दिवसातून दहादा उठू लागली. पुढच्या पावसाळ्यात गंज चढला, कुरकुर परतली. तेल पुन्हा कुणी घातलं नाही.

फर्निचर आणि संगीत हे दोन शब्द पहिल्यांदा जोडले ते पॅरिसच्या एरिक सातीनं. त्याला असं संगीत हवं होतं की ज्याकडे कुणी लक्ष देऊ नये, खुर्चीटेबलासारखं ते नुसतं खोलीत असावं. 1920 च्या मार्चमध्ये पॅरिसच्या एका कलादालनात, नाटकाच्या मध्यंतरात, वादकांना खोलीच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसवून त्यानं ते वाजवून घेतलं. लोकांना आधीच बजावलं होतं की ऐकू नका. वाजायला लागलं आणि लोक जागच्या जागी गप्प होऊन ऐकू लागले. साती धावाधाव करत सगळ्यांना विनवत राहिला, बोला, फिरा, ऐकू नका! बिचारा सांगली-साताऱ्याच्या एखाद्या मंगल कार्यालयात यायला हवा होता. सनईची ध्वनिफीत सकाळपासून लावलेली असते, आहेराची नावं पुकारली जातात, जिलबी संपलेली असते, आणि सनई आहे हे फक्त ती बंद पडल्यावर कळतं. त्याचं स्वप्न इथे दर मुहूर्ताला साकार होतं.

हवेतल्या आवाजाचं दुसरं टोकही आमच्याकडे आहे. मिरवणुकीचा डीजे गल्लीतून जातो तेव्हा कोपर टेकायची गरज उरत नाही. कपाटाची काच, मांडणीवरच्या स्टीलच्या ताटल्या, खाटेची फळी, छातीचा पिंजरा, सगळं एकदम टेबल होतं. जबरदस्तीनं. तेव्हा मला कळतं की अँडरसनबाईंच्या टेबलात खळगे का कोरले होते. बसायचं की नाही, टेकायचं की नाही, ते माणसावर सोडलं होतं.

पण जबरदस्तीच म्हणायची तर सांगली जिल्ह्यातला एक भोंगा मला मान्य आहे. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावात संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा होतो. गावानं ठरवलंय की तेव्हापासून दीड तास घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद. 15 ऑगस्ट 2022 पासून हे चालू झालं, कोरोनाच्या काळात पोरांना लागलेली मोबाइलची सवय मोडायला. सुरुवातीला आशाताई, अंगणवाडीच्या बाया दारोदार फिरून सांगायच्या. पोरं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं ओट्यावर येऊन बोलतात. या भोंग्यानं एक आवाज काढून बाकीचे शंभर आवाज बाजूला केले, आणि त्या मोकळ्या जागेत ओटे, पायऱ्या पुन्हा कामाला लागल्या. कुणी याला कला म्हणत नाही. म्हणू नये. अनुदानाचा अर्ज भरावा लागेल.

आणि मग ती खुर्ची. 2021 चा सप्टेंबर. क्रिकेट समीक्षक सुनंदन लेले कसोटी सामन्यासाठी इंग्लंडमध्ये मँचेस्टरला होते. जवळच्या ऑल्ट्रिंगम गावात एका रेस्टॉरंटबाहेर त्यांना लोखंडी घडीची खुर्ची दिसली. पाठीवर देवनागरीत मंडपवाल्याचं नाव आणि गाव, सावळज. आपलं तासगाव तालुक्यातलं, द्राक्षांचं सावळज. लेल्यांनी त्याचा व्हिडिओ टाकला आणि तो घरोघर पोचला. जड खुर्च्या ने-आण करायला परवडेनात, प्लास्टिकच्या आल्या, म्हणून मंडपवाल्यानं जुन्या भंगारात काढल्या होत्या. त्यातली एक कुणी जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यानं तिकडे नेली आणि इंग्रज माणसं तिच्यावर बसून कॉफी पिऊ लागली.

सगळ्यांनी त्या नावाचं कौतुक केलं. मला मात्र व्हिडिओ पाहताना तिचा आवाज ऐकू आला. ज्यानं असल्या खुर्च्या उघडल्या-मिटल्या आहेत त्याला तो ऐकू येणारच. उघडताना खट्ट, मिटताना खटॅक, बोट सापडलं तर वरून शिवी. लग्नाचं जेवण उरकल्यावर मंडपातली पोरं शंभरदीडशे खुर्च्या एका दमात मिटवत जायची, तो लोखंडी टाळ्यांचा कडकडाट मागच्या आळीपर्यंत जायचा आणि ज्यांना आमंत्रण नव्हतं त्यांनाही लग्न लागलं हे कळायचं. तो आवाज त्या खुर्चीच्या सांध्यात असणारच, ऑल्ट्रिंगमच्या पावसातही. रात्री रेस्टॉरंट बंद करताना तिथला पोऱ्या ती मिटत असेल, त्याला तिच्या पाठीवर काय लिहिलंय ते वाचता येत नसेल, पण सावळजच्या मंडपात दुपारी तीन वाजता जे वाजायचं ते तो रोज वाजवतो. हा सगळा प्रकार कुणी योजलेला नाही, त्यामुळे त्याला कलाकृती म्हणता येत नाही असं माझा कलाशिक्षक मित्र म्हणतो. मला त्याचं म्हणणं अर्धंच पटतं.

योजायचंच ठरलं तर माझ्या डोक्यात एक बाक आहे. मिरज जंक्शनवर. एके काळी तीन वेगवेगळ्या रुंदीचे रूळ या एका स्टेशनात येत, आणि गाडी बदलायला उतरलेल्या माणसांना तासन्‌तास बसावं लागे. अजूनही लागतं. लांब लाकडी बाक, तुणीच्या फळीचा, आतून पोकळ, दोन्ही टोकांना आत एकेक भोपळा, आणि फळीखाली बाकभर लांबीच्या चार तारा, मिरजेत लावतात तशा. बटण नाही, वीज नाही, पाटी नाही. कुणी धपकन बसलं की तारा जाग्या होतील, गाडी आली की फलाट थरथरेल आणि त्या कुजबुजतील. ऐकू येईल ते मात्र पाठ टेकणाऱ्यालाच, कोपर टेकणाऱ्याला तर जास्तच. एका टोकाला पंढरपूरची गाडी पकडणारा वारकरी, दुसऱ्या टोकाला दवाखान्यातून सुटलेला पेशंट आणि त्याची बायको. त्यांनी एकमेकांशी बोलावं असा माझा आग्रह नाही.

सतारमेकर गल्लीतल्या त्या कारागिराला मी हे सांगितलं. त्यानं हातातली कानस खाली ठेवली, बाकाची लांबी विचारली, तारेचा गेज विचारला, आठ फुटी तारेला एवढा ताण फळी सोसणार नाही म्हणाला, खालून लोखंडी पट्टी मारावी लागेल. भोपळे उंदरांपासून कसे वाचवायचे ते त्याला ठाऊक होतं. लोक गुटखा खाऊन थुंकतील, पोरं खुंट्या पिरगाळतील, हेही त्यानं धरूनच ठेवलं होतं. मग थोडा वेळ हिशोब करून म्हणाला, “होईल की. पण ताई, पावसाळ्यात त्याची जवारी दर आठ दिवसांनी बघायला लागणार. ती कोण बघणार, रेल्वे का मी, तेवढं आधी लिहून घ्या.”